दहा बाय बारा या नावाची खोली

माझ्या विवाहासाठी एका खोलीची आवश्यकता होती. विवाह ठरला आणि खोली उभी राहिली, या दोहोंच्या मध्ये जे काही घडले ते सर्व लाकडाच्या मापाशी संबंधित असल्यामुळे येथे क्रमवार नमूद करीत आहे.

माझे नाव केल्विन. मी शिरूरला आईसोबत राहतो आणि कारेगावच्या पुढे एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. दिवसाचे आठ तास माझ्या हातात व्हर्निअर असतो. त्याच्या दोन ओठांमध्ये धातूचा लहानसा तुकडा धरायचा, मिलिमीटरचे शंभरावे भाग वाचायचे आणि तुकडा कमी-जास्त भरला तर लाल पेटीत टाकायचा, एवढेच माझे काम. त्यात बोलावे लागत नाही, म्हणून मला ते आवडते. माणसांसमोर माझी वाक्ये क्रियापदापर्यंत पोहोचत नाहीत. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून घोडनदीचा पूल दिसू लागला, की मला नेहमी वाटे, जगातील प्रत्येक वस्तू कोठेतरी कोणीतरी माझ्यासारखेच निमूटपणे मोजून पाठवीत असेल. हा समज वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत टिकला.

मुलगी दौंडची होती. तिचे नाव रिबेका. तिचे वडील दानिएलमामा रेल्वेत सुतारकाम करून निवृत्त झालेले. चहा झाला, नानकटाई झाली, माझ्या बायोडाटाचा कागद हातोहात फिरून परत आला, तरी मामा काही विचारीनात. अखेर त्यांनी कप बशीत ठेवला आणि एकच प्रश्न केला.

“पोरगी ऱ्हाणार कुठं?”

“शिरूरला. आमचं घर हाय की,” माझी आई राहेल म्हणाली.

“घर हाय, ते कळलं. ह्या दोघांना खोली किती बाय किती?”

आईने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरी अशी खोली नव्हती. तिच्या जागी गच्ची होती आणि गच्चीवर पाण्याची टाकी होती. परंतु दाराच्या चौकटीत रिबेका उभी होती, आणि मी आयुष्यातले सर्वांत स्पष्ट वाक्य उच्चारले.

“दहा बाय बारा.”

मामांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. “बरोबर. आमची क्वार्टर दहा बाय बारा. एकतीस वर्षं काढली तिच्यात. हिची आई त्याच खोलीत नांदली, आन् त्याच खोलीतनं गेली. माझी पोरगी त्याच्यापेक्षा एक सूत कमी असलेल्या खोलीत जाणार न्हाई.” एवढे बोलून त्यांनी खिशातून पितळी बिजागऱ्यांची, घडीची लाकडी फूटपट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मामांच्या हिशेबी ते माणसाच्या चारित्र्याचे सर्वांत लहान एकक होते.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत लग्नाआधी तीन रविवार उपासनेच्या वेळी पाळकसाहेब वधूवरांची नावे वाचतात आणि विचारतात, की या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने उभे राहून सांगावे. तोवर कोणी उभे राहिल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. तो प्रश्न विचारण्यासाठी असतो आणि शांतता उत्तर देण्यासाठी.

“पहिले दोन रविवार मी गप बसन,” मामा म्हणाले. “तिसऱ्याच्या आदल्या दिवशी शिरूरला येईन आन् खोली मोजीन. कमी भरली तर रविवारी उभा राहीन.”

“अवो मामा, खोलीसाठी कुणी हरकत घेतं व्हय?” आई म्हणाली.

“कशासाठी घ्यायची ते पुस्तकात लिहिलेलं न्हाई.”

निघताना मी एकदा मान वर केली. रिबेका त्या फूटपट्टीकडे पाहून किंचित हसत होती. तिला काही ठाऊक असावे आणि ते सांगण्याची वेळ अजून आलेली नसावी, असे ते हसणे होते. पुढचे तीन आठवडे मी त्याच हसण्याच्या आधारावर काढले.

गच्ची पाहण्यास आलेल्या इंजिनिअरने स्लॅबवर दोनदा पाय आपटला आणि विटांचे बांधकाम पेलणार नाही असा निर्णय दिला. तेव्हा लाकडाचा सांगाडा उभारायचा, त्याला दोन्हीकडून फळ्या ठोकायच्या आणि वर पत्रा टाकायचा, असे ठरले. मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. खोली आतून दहा बाय बारा. भिंतीची जाडी धरून बाहेरून अकरा बाय तेरा. उभ्या-आडव्यांना चार इंच बाय दोन इंचाचे लाकूड. नकाशा इतका सुबक झाला, की तो काही काळ मी नुसता पाहत बसलो. कागदावर लाकूड वाळत नाही.

आनंदरावांची वखार बायपासला आहे. दाराशीच भुशाचा एक मोठा ढीग, त्यावर ऊन पडलेले, आणि त्यामागे खुर्चीत आनंदराव. त्यांच्या आवाजापुढे करवतीचा आवाज थोडा संकोचलेला वाटतो.

“बोला साहेब, काय पायजे?”

“चार बाय दोन.”

“मल्हारी! साहेबास्नी चार बाय दोन दाव.”

मल्हारी नावाच्या कामगाराने एक गुळगुळीत, फिकट पिवळे लाकूड खांद्यावरून आणून माझ्यासमोर उभे केले. पाईनचे होते, दुरून कोठून तरी आलेले. त्याला अजून डोंगराचा वास होता. परंतु मिलिमीटरचे शंभरावे भाग वाचणाऱ्या डोळ्यांना एक गोष्ट लपत नव्हती.

“हे... चार आहे?”

“व्हय.”

“साडेतीन बाय दीड वाटतं.”

“मग! चार बाय दोन साडेतीन बाय दीडच असतं.”

“मग त्याला साडेतीन बाय दीड का म्हणत नाहीत?”

आनंदरावांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. “साहेब, साडेतीन म्हनलं तर गिऱ्हाईक मनात तीन धरतं. चार म्हनलं की त्याला बरोबर कळतं, साडेतीन हाय.”

“पण उरलेला अर्धा इंच कुठं गेला?”

“थोडा वाळन्यात गेला, थोडा पात्यानं खाल्ला, थोडा रंध्यानं खाल्ला. झाडात व्हतं तवा चारच व्हतं. झाडाची काय चूक न्हाई ह्याच्यात.”

मी भुशाच्या ढिगाकडे पाहिले. तालुक्यातल्या किती घरांचे अर्धे इंच तेथे उन्हात पडून होते! आपण ज्या भिंतींना टेकतो त्यांचा एक भाग असा वखारीच्या दारात राहून जातो, आणि वारा सुटला की रस्त्याने जाणाऱ्यांच्या डोळ्यांत जातो. मल्हारीने खाकरून मला भानावर आणले.

“आणि मला खरंच चार इंच पाहिजे असेल तर?”

“तर साडेचार मागायचं.”

“साडेचार आहे?”

“साडेचार नसतं.”

मी लांबीकडे वळलो. अकरा फुटी आणि तेरा फुटी लाकूड मागितले. मल्हारीने तोंड फिरवले.

“अकरा?” आनंदराव म्हणाले. “अकरा फुटी लाकूड आसतं कुठं? आठ, दहा, बारा, चौदा. झाड काय तुमच्यासाठी इषम वाढनार हाय?”

“चौदा द्या. कापून घेऊ.”

“चौदाचा माल बोटीवर हाय. लग्न कवाचं हाय तुमचं? ... मग ती बोट नका धरू तुम्ही. दहा आन् बारा घ्या. दहा बाय बाराच्या खोलीला दहा आन् बारा लागतंय, ह्याच्यात अकरा न् तेरा आलं कुठनं?”

या प्रश्नाचे सविस्तर उत्तर माझ्या खिशात आलेखाच्या कागदावर होते. परंतु मागे दोन गिऱ्हाइके उभी होती आणि त्यांतले एक हसले. मी फक्त म्हणालो, “दहा फुटी म्हणजे दहाच ना?”

“तीन मीटर.”

“तीन मीटर म्हणजे नऊ फूट दहा इंच.”

“सगळा देश त्याला दहा म्हनतो. तुम्ही एकलं नऊ-दहा, नऊ-दहा करीत बसा.”

माझ्या दुसऱ्या खिशात पोलादी टेप होता. तो बाहेर काढून चारचौघांत लाकडाला लावणे मला जमले नाही. समोरच्याच्या कुळाची चौकशी केल्यासारखे ते दिसले असते. ज्या मनुष्याने आयुष्यात हजारो तुकडे लाल पेटीत टाकले, त्याला एका लाकडाला ‘कमी’ म्हणता येईना. कारण तुकड्यांच्या मागे आनंदराव नसतात. मी दहा फुटी आणि बारा फुटी लाकूड टेम्पोत भरून घेतले आणि स्वतः मागे त्याच्याशेजारी बसलो. वाटेत ते मला अवघडलेले वाटले. आपल्याला काय म्हणून विकले गेले, हे त्यालाही समजले असावे.

आता सर्व भिस्त खंडू मिस्त्रींवर होती. खंडू मिस्त्रींनी अर्ध्या शिरूरचे दरवाजे केले आहेत. त्यांनी गच्चीवर लाकूड मांडले, कानामागची पेन्सिल काढली, टेप ओढला आणि समाधानाने मान हलवली.

“कोन म्हनतं कमी हाय? नऊ फूट अकरा. एकच इंच कमी. एक इंच काय, खिळ्याच्या डोक्यात जातो.”

मी वाकून पाहिले. टेपच्या टोकाचा हूक आणि त्याच्यासोबत पहिला इंच तुटून गेलेला होता. टेप एकापासून सुरू होत होता.

“मिस्त्री, यात पहिला इंच नाही.”

“ठाव हाय. अठरा वर्षं झाली.”

“मग तुम्ही तो वजा करता ना?”

“कशापायी? दाराला बी हाच टेप, चौकटीला बी हाच टेप. दार एक इंच कमी, चौकट एक इंच कमी. बसतंय की बरोबर! आजपत्तुर एक दार अडकलं न्हाई.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “एकदा एका पुन्याच्या मानसानं नव्या टेपनं दार करून आनलं. चौकटीत जाईचना. शेवटी ते तासून बारीक करावं लागलं मलाच.”

अठरा वर्षांत या गावाने आपापसांत एक इंच कमी असण्याचा करार केलेला होता आणि तो बिनबोभाट पाळला जात होता. मिस्त्रींनी आपल्या टेपने लाकडांची टोके सारखी केली. दहा फुटी लाकूड नऊ फूट नऊ इंच झाले, बारा फुटी अकरा फूट आठ इंच. मग त्यांनी सांगाडा उभा केला, आतून फळ्या ठोकल्या, आणि मी नकाशातल्या आतल्या मापाकडे बोट दाखवले तेव्हा ते मनापासून चकित झाले.

“दहा बाय बाराची खोली म्हंजी बाहेरनं असती, भाऊ. आतनं कोन मोजतंय? जो आत ऱ्हातो त्यो संसार करतो.”

दुसऱ्या रविवारी दौंडच्या चर्चमध्ये आमची नावे वाचली गेली. हरकतीचा प्रश्न झाला. दानिएलमामा दुसऱ्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसले होते. शर्टाच्या खिशातून फूटपट्टीचे पितळ चमकत होते. ते उभे राहिले नाहीत. मात्र ‘आमेन’ त्यांनी इतरांच्या थोडे नंतर म्हटले.

त्या दुपारी परत आल्यावर मी दार लावून घेऊन प्रथमच माझ्या टेपने खोली मोजली. आतून नऊ फूट एक इंच बाय अकरा फूट. तीनदा मोजली. तिसऱ्यांदा मी हळूच मोजली, तिला लागू नये अशा रीतीने.

“कमी हाय का रे?” आईने जिन्यातून विचारले.

“थोडी.”

“माणसं बी थोडी बारीक हायेत की,” ती म्हणाली. परंतु तिचा आवाज जिन्यातच बसला.

सोमवारी मी अर्धी रजा टाकून मापे प्रमाणित करणाऱ्या एका कचेरीत गेलो. कचेरी कोणत्या गावची ते येथे लिहीत नाही. दारावर पाटी होती: ‘अभ्यागतांची वेळ ३ ते ५’. शिपायाने खुलासा केला, की तीन ते पाच म्हणजे साडेतीन ते साडेचार. मला ते एव्हाना समजू लागले होते. भिंतीशी काचेच्या कपाटात मखमलीवर पितळेचा एक प्रमाणित फूट ठेवलेला होता. कपाटाला कुलूप होते, कुलपाची किल्ली साहेबांकडे होती आणि साहेब मीटिंगला गेले होते. मी त्या फुटाकडे बराच वेळ पाहिले. आजूबाजूच्या सर्व गावांत तो एकटाच बारा इंचांचा होता. म्हणूनच कदाचित त्याला बाहेर सोडत नसावेत.

तेथील लिपिकाने माझा अर्ज वाचला.

“तक्रार काय आहे?”

“चार बाय दोनचं लाकूड साडेतीन बाय दीड भरतं.”

“साडेतीन भरतं, हे तुम्ही नीट मोजलंय?”

“हो. अगदी नीट.”

“म्हणजे साडेतीनमध्ये काही फरक नाही?”

“नाही. साडेतीन अचूक आहे.”

“मग झालं की.” त्याने अर्जावर लिहिले: ‘माप अचूक असल्याचे तक्रारदाराने स्वतः मान्य केले. तक्रार निकाली.’ त्याच्यावर शिक्का उमटला. शिक्क्याच्या गोलाची एक कड उमटली नव्हती, तरीही तो पूर्ण शिक्का होता.

मी तसाच उभा राहिलो. निघून जाण्यासाठी लागणारे धैर्यही कधी कधी मजजवळ नसते. शेजारच्या टेबलावरच्या अपेक्षा मॅडमना माझी दया आली असावी.

“तुम्हाला नक्की काय पाहिजे आहे?” त्यांनी विचारले.

“खोली दहा बाय बारा पाहिजे. शनिवारच्या आत. नाहीतर... रविवारी ते उभे राहतील.”

“अहो, मग असं सांगा ना! लाकडाचं काय घेऊन बसलात?” असे म्हणून त्यांनी पंधरा मिनिटांत एक प्रमाणपत्र टंकून हातात दिले. ते येथे जसेच्या तसे उतरवतो:

‘प्रमाणित करण्यात येते की, अर्जदार यांच्या गच्चीवरील खोली ही ‘दहा बाय बारा’ या नावाने ओळखली जाते, व ती तशी ओळखली जाण्यास या कार्यालयाची हरकत नाही. सदर प्रमाणपत्राचा वापर खोली मोजण्याच्या कामी करता येणार नाही.’

मी ते काचेच्या चौकटीत बसवून खोलीत लावायचे ठरवले. चौकट बारा बाय आठची आणली. प्रमाणपत्र तीत मावले नाही. कडा दुमडाव्या लागल्या.

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने दानिएलमामा आले. सोबत रिबेका होती. “मुलीला नको होतं आणायला,” असे आई मला कानात म्हणाली. परंतु मामांचे म्हणणे असे, की जिला राहायचे आहे तिने मापाला हजर असावे. मामांनी सलाम केला, पाणीसुद्धा घेतले नाही, चपला जिन्यात काढल्या आणि खोलीत गेले. खोलीत पाईनचा वास दाटला होता. खिडकीतून आलेले ऊन नव्या फळ्यांवर पडून खोली इतकी सोनेरी दिसत होती, की तिच्याकडे पाहून मला वाटले, हिला निदान आजचा दिवस मोजू नये.

मामांनी फूटपट्टीची घडी उलगडली. ते गुडघ्यांवर बसले आणि भिंतीच्या कडेने, पेन्सिलीची बारीक खूण करीत, पट्टी पुढे पुढे नेत गेले. एक भिंत झाली. दुसरी झाली. मग ते भिंतीला पाठ टेकून जमिनीवरच बसले.

“नऊ एक. बाय अकरा.”

आईने भिंतीवरच्या चौकटीकडे हात केला. “मामा, सरकारी कागद हाय. दहा बाय बारा लिवलंय बघा.”

मामांनी चष्मा लावून प्रमाणपत्र वाचले, मग पुन्हा वाचले. चष्मा काढला.

“केल्विन, हितं या. चपला काढा. ह्या दारालगतच्या खांबाला पाठ लावा.”

मी खांबाला पाठ लावली. त्यांनी माझ्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून खांबावर पेन्सिलीने रेघ ओढली आणि खालून मोजत आले.

“पाच फूट साडेसहा. बायोडाटात किती लिहिलंय?”

“...आठ.”

“पाच आठ. दीड इंच कुठं गेला?”

मला भुशाचा ढीग आठवला. परंतु उत्तर आईने दिले. “अवो मामा, साडेसहा लिवलं तर लोक पाच धरत्यात. आठ लिवलं की त्यांना बरोबर कळतं, साडेसहा हाय म्हनून! आमच्या मंडळीत सगळ्यांचं तसंच लिवत्यात.”

आनंदराव कधी आमच्या घरी आले नव्हते आणि आई कधी वखारीत गेली नव्हती.

“म्हंजी खोली खोटी आन् नवरा बी खोटा,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचेच मला अधिक भय वाटले. ते पट्टीची एक एक घडी मिटू लागले. “उद्या मला उभं ऱ्हावं लागंल, राहेलबाई.”

तेव्हा रिबेकाने सॅंडल काढले. ती खांबाशी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

“माझी पण रेघ ओढा, पप्पा.”

“तुझी कशाला?”

“ओढा तर.”

त्यांनी ओढली. पाच फूट दीड इंच.

“कागदावर पाच तीन आहे. तुम्हीच सांगितलं होतंत लिहायला.” मग ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. “पप्पा, आपली क्वार्टर तुम्ही कधी मोजली होती?”

“मोजायची काय गरज? चावी देणाऱ्यानं सांगितलं होतं, दहा बाय बारा.”

“एकतीस वर्षांत एकदा पण नाही?”

“आगं, सगळ्या दौंडची दारंखिडक्या मोजायचो मी. घरी आल्यावर कोण मोजतंय?”

“खोलीच्या मधे आईनं पडदा लावला होता. दर नाताळला नवा. तुम्ही दहा फूट कापड आणायचात. आणि दर वर्षी फूटभर उरायचं.”

मामा तिच्याकडे पाहत राहिले.

“मला आठवतंय,” ते सावकाश म्हणाले. “मला वाटायचं, दुकानदार तुझ्या आईला वळखतो म्हणून फूटभर जास्त देतो. त्या कापडाचं काय करायची गं ती?”

“माझे फ्रॉक.”

“तो पिवळा...”

“पडदा.”

“आन् निळा? ठिपक्याचा? फोटो काढलेला?”

“त्याच्या पुढच्या नाताळचा पडदा. क्वार्टर सोडली त्या दिवशी मी तुमच्याच पट्टीनं मोजली, पप्पा. आठ फूट अकरा. बाय अकराला पण एक इंच कमी.” ती थांबली आणि या खोलीच्या भिंतींवरून तिने नजर फिरवली. “ही दोन इंच मोठी आहे.”

खाली रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला आणि खिडकीची नवी काच थरथरली. मामांनी मिटलेली फूटपट्टी पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. त्यांच्या डोळ्यांसमोर काय चालले असेल याची मी कल्पना करू शकतो. कारण मी मोजण्याचे काम करतो. एका माणसाने एकतीस वर्षे एका खोलीला दहा फुटांची मानले, आणि उरलेल्या एका फुटात एक मुलगी मोठी होत गेली.

“तिनं कधी सांगितलं न्हाई,” ते म्हणाले.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“उद्या काय करू मग?”

आईने चहा ठेवला, आणि मामांनी तो घेतला.

तिसऱ्या रविवारी आम्ही दौंडच्या चर्चमध्ये बसलो होतो. पाळकसाहेबांनी नावे वाचली. “या विवाहास कोणाची हरकत असल्यास...” त्यांनी सवयीने पान उलटायला घेतले, आणि दुसऱ्या बाकावरून दानिएलमामा उभे राहिले.

एक म्हातारी स्तोत्रसंहिता मिटून पुढे सरकली. असा प्रसंग तिच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता.

“हरकत न्हाई,” मामा म्हणाले. “फक्त एक नोंद करून घ्या, साहेब. खोली नऊ फूट एक इंच बाय अकरा फूट हाय. नवरा पाच साडेसहा. नवरी पाच दीड. आणि आमची क्वार्टर... ती आठ फूट अकरा व्हती.” मग ते खाली बसले, खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि ‘आमेन’ सर्वांच्या आधी म्हटले.

पाळकसाहेबांनी नोंदवही चाळून पाहिली. अशा मजकुरासाठी तीत रकाना नव्हता. उपासनेनंतर मी ती वही पाहिली. आमच्या नावांपुढे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: ‘खोली १० × १२. हरकत नाही.’

लग्न होऊन आता वर्ष झाले. खोली थोडी वाळली. एका कोपऱ्यात फळ्यांमध्ये फट पडली आहे, तिच्यातून सकाळी उन्हाची एक रेघ आत येते आणि रिबेकाच्या उशीपर्यंत पोहोचते. खोलीच्या मधल्या पडद्याला आम्ही नऊ फूट एक इंच कापड आणले होते. ते धुण्यात आटून आठ फूट दहा झाले. राहिलेल्या फटीतून आई चहा झाला का ते विचारते.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, ते सर्व मनमुराद हसले. वखारवाले, मिस्त्री, कचेरी, आमची मंडळी, प्रत्येकाच्या नावाने हसले. हसून झाल्यावर मी प्रत्येकाला वर नेतो आणि तो खांब दाखवतो. त्यावर आमच्या दोन रेघा आहेत आणि खिळ्याला दोऱ्याने बांधलेली एक पेन्सिल आहे. मी त्यांना विनंती करतो, की चपला काढाव्यात, पाठ टेकवावी आणि आपली उंची सांगावी. आतापर्यंत आलेल्या प्रत्येकाला त्याच क्षणी एक तातडीचे काम आठवले.

आपणही येथवर हसत आला असाल, तर शिरूरला जरूर या. खांबावर पुष्कळ जागा मोकळी आहे.